मागची चाकं

आमच्या मिस्त्रींचा, शेखलालचाचांचा, फोन आला तेव्हा कंपनीची बस कारेगावच्या थांब्यावर उभी होती आणि शेजारचा गृहस्थ माझ्या खांद्यावर डोकं टाकून बिनधास्त घोरत होता. "विक्रमशेठ, सामान आलं बरं का," चाचा दौंडहून ओरडत होते. मोबाईलवर लांबच्या माणसाशी मोठ्यानंच बोलावं लागतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. "इम्रानच्या दोस्तानं काल आणून टाकलं. पेटी तशीच ठिवलीय. तुमी आल्याबिगर उघडत न्हाई." मी बरं म्हटलं आणि फोन खिशात टाकला. बसमधून उतरावं आणि शिरूरच्या दिशेनं उलटं चालत सुटावं असं वाटलं, पण खांद्यावरचं डोकं जड होतं, आणि असल्या कारणासाठी झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसलं नाही. अडीच वर्षं ज्या पेटीची वाट बघितली ती आली होती. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, ती पेटी समुद्रात पडावी, कस्टमवाल्यांनी दाबून ठेवावी, इम्रानच्या दोस्तानं विकून खावी, असं मला गेले कित्येक महिने वाटत होतं.

सामान म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर लोकांना किराणा वाटतो. आमच्याकडे पंच्याऐंशी सालची मारुती आहे. पहिल्या जातीची, चौकोनी, दुधाळ रंगाची. या गाडीला पुढची दोन चाकं ओढतात. मागची दोन नुसती मागून येतात, लग्नातल्या वऱ्हाडासारखी, काम काही नाही. जपानमध्ये मात्र याच गाडीची एक बहीण निघायची, तिची चारही चाकं ओढायची. तिचा गिअरबॉक्स वेगळा, त्याला मागच्या बाजूला आणखी एक तोंड, त्या तोंडातून लांब शाफ्ट मागच्या चाकांना जातो. असे गिअरबॉक्स तिकडंच मोजके निघाले. आपल्याकडे तर कुणी पाहिलेलाही नाही. चाचांचा जावई इम्रान शारजाच्या भंगारबाजारात कामाला आहे, तिथं जपानच्या जुन्या गाड्या कापायला येतात. त्याला फोटो पाठवला, चित्र काढून पाठवलं, आणि त्यानं अडीच वर्षं प्रत्येक कंटेनर उघडला की आत डोकावून बघितलं. आमची एक जुनी गाडी चारही चाकांनी चालावी म्हणून शारजात एक पोरगा ग्रीसमध्ये हात घालून बसला होता, आणि इकडे मी त्याला ते मिळू नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. माणूस किती खोटं वागू शकतो याचा मला अलीकडे अंदाज येऊ लागला आहे.

त्या दिवशी कंपनीत माझं लक्ष नव्हतं. माझं काम क्वालिटीचं. ट्रेमधून पार्ट येतात, मी प्रत्येकाला गेज लावतो. गेज आत गेलं तर पास, नाही गेलं तर लाल डब्यात. मधलं काही नसतं, आणि म्हणूनच मला हे काम आवडतं. मशिनवरची पोरं कधीकधी गयावया करतात, साहेब, केसभर तर आहे, जाऊ द्या ना. मी जाऊ देत नाही. चौदा वर्षांत एकही जाऊ दिला नाही. अनुपमा, माझी बायको, म्हणते, तुम्ही घरीसुद्धा पोळी हातात घेऊन गेज लावल्यासारखी बघता. त्यावर मी हसतो. पण तिला ठाऊक असलेला हा सरळ माणूस आपल्या बापाला अडीच वर्षं एक गोष्ट खोटी सांगत आला होता, आणि ती खोटी आहे हे माझ्याखेरीज फक्त दौंडच्या एका मिस्त्रीला माहीत होतं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी घेतली एक्क्याण्णव साली. निमोण्यातल्या आमच्या वस्तीवर आलेली ती पहिली चारचाकी, ट्रॅक्टर सोडला तर. आईला तिचं भारी कौतुक. पुढच्या सीटवर बसायची, काच खाली करून एक कोपर बाहेर काढायची, आणि रस्त्यात कुणी बाई डोक्यावर ओझं घेऊन दिसली की आबांच्या दंडाला बोट लावायची, थांबा. आबा कुरकुरायचे, ही काय एस्टी हाय का? आणि थांबायचे. आईला दमा होता. सुगीत धुरळा बसला की तिची छाती भात्यासारखी वाजायची, पण गाडीत बसली की तिला बरं वाटायचं, वारं लागतं म्हणायची. गाडी चालू असली की तिला श्वास लागत नाही, अशी आमच्या घरात जवळजवळ श्रद्धाच होती.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात चार दिवस झड लागली होती. मी सुट्टीवर वस्तीवर होतो. सकाळी आठ वाजता आईला झटका आला, पंप मारला, गोळी दिली, काही उतार पडेना. ओठ निळे दिसायला लागले तेव्हा आबा म्हणाले, शिरूरला न्यायचं. आमचा ट्रॅक्टर न्हावऱ्याला इंजिन उघडून पडला होता. बैल दोन वर्षांपूर्वी विकले होते. मी गाडी काढली. आई मागच्या सीटवर, आडवं पडलं की जीव जातो म्हणून बसून, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्याजवळ आबा. वस्तीपासून डांबरी रस्ता पाऊण किलोमीटर. मधे ओढ्याच्या कडेला काळ्या मातीचा दोनशे पावलांचा पट्टा लागतो. तिथं, साधारण निम्म्यात, गाडी बसली. पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आबा खाली उतरले, हाका मारल्या, शेजारच्या वस्तीवरून भिमाजी आणि आणखी तिघं पळत आले. आणि आबांनी जन्मभर जे केलं होतं तेच केलं. ट्रॅक्टर फसला, जीप फसली की मागं वजन द्यायचं, कारण ओढणारी चाकं मागं असतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. "मागं बसा रे! डिकीवर बसा, वजन द्या मागं!" आबा ओरडले, आणि चार धडधाकट गडी मागं चढून बसले. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीचं तोंड वर उचललं, चाकं आणखी फिरली, चिखल पार काचेवर आला. "आजून बसा!" आबा म्हणाले, आणि स्वतःही मागं चढले.

तिला उचलून न्यावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण दर वेळी गाडी चार बोटं हलायची आणि सगळ्यांना वाटायचं, आत्ता निघंल. हे आत्ता निघंल फार वाईट असतं. माणूस त्याच्यात दीड तास घालवतो आणि त्याला कळतसुद्धा नाही. माझ्या कानामागं आईचा श्वास होता, शिट्टीसारखा, आणि पायाखाली इंजिन, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले होते, इतके की एकदा मी पाय उचलला तेव्हा तिचाच श्वास थांबला असं वाटून मी दचकून परत रेस दिली. "विक्रम, निघंल का रं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "निघालीच, आई." तिनं पुढं काही विचारलं नाही. पावणेदहाला गावातल्या हौसरावांचा ट्रॅक्टर आला आणि त्यानं आम्हाला दोन मिनिटांत बाहेर काढलं. शिरूरच्या अलीकडं पेट्रोलपंप दिसला तेव्हा माझ्या कानामागं नुसतं इंजिन होतं.

नंतर आबांनी गाडी विकली नाही, वापरलीही नाही. ती चिंचेखाली उभी राहिली. तीन वर्षांनी दिवाळीत, मी सहज बोलून गेलो की जपानमध्ये ही गाडी चारही चाकांची मिळते. आबा लाडू खात होते. त्यांनी लाडू ताटात ठेवला. "मग आपलीबी कर," म्हणाले. मी समजावलं, आबा, त्यापेक्षा जीप घ्या. "जीप घिऊन काय करू? जीप रुतली व्हती का?" ते म्हणाले. "ही रुतली व्हती. हीच निघाली पायजे." भावकीनं डोक्यावर परिणाम झाला म्हटलं. मला मात्र ते त्याच क्षणी कळलं. गाडीत काहीतरी कमी होतं, म्हणून बायको गेली. ते कमी असलेलं आणून जोडायचं. बस.

असली कामं करणारा माणूस म्हणून कुणीतरी शेखलालचाचांचं नाव सांगितलं. रेल्वेत फिटर होते, निवृत्तीनंतर दौंडला स्टेशनच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. जुनी यंत्रं त्यांच्याशी बोलतात म्हणे. गाडी टेम्पोवर चढवून नेली. आबा बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते आणि मी चाचांना, त्यांनी विचारलं म्हणून, सगळं सांगितलं. ते गाडीखाली अर्धे शिरलेले होते. ऐकत ऐकत बाहेर आले, हात पुसले. "मागं बसवली माणसं?" त्यांनी विचारलं. "आरं बाबा, पुढच्या चाकाची गाडी ही. मागं वजन दिलं म्हंजी ओढणारी चाकं उचलली की तुमी. दोन माणसं बॉनेटवर बसली असती तर..." मग त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं आणि ते थांबले. "जाऊ द्या. चिखल त्यो चिखल. कुणाचं काय सांगता येतंय."

मी शेडच्या खांबाला धरून उभा होतो. स्टेशनात कुठली तरी गाडी लागत होती आणि भोंग्यातली बाई तिचं नाव तीन भाषांत सांगत होती. मी डिप्लोमा मेकॅनिकल. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत वजनाचं काय होतं, चढावर चाकं का निसटतात, हे मी परीक्षेत आठ मार्कांना लिहिलं होतं, आकृती काढून, बाण दाखवून. आठपैकी सात मिळाले होते. आणि त्या सकाळी, ज्या एका सकाळी त्याचा उपयोग होता, माझा बाप मागं बसा म्हणाला आणि मी मान मागं वळवूनसुद्धा बघितलं नाही. आबा चुकले हे म्हणायला मला तोंड नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण आबांना हे कळलं तर ते असला हिशोब करणार नाहीत. ते एकच धरून बसतील, की आपण ओरडलो, आपण स्वतः मागं चढून बसलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, तो यातून उठणार नाही. "चाचा," मी म्हटलं, "आबांना हे सांगू नका." चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. त्यांनी शब्द पाळला.

तेव्हापासून मी खोटं बोलायला लागलो, आणि चांगलं बोलायला लागलो. चार चाकांशिवाय तिथून गाडी निघणं शक्यच नव्हतं, आबा. "कुणी चालिवली असती तरी?" कुणीही. "लई माणसं असती तरी?" शंभर असती तरी. आबा मान हलवायचे, पटल्यासारखी. दर रविवारी वस्तीवरून फोन यायचा, "आला का रं पार्ट?" आणि मी इम्रानच्या कंटेनरांच्या हकिगती सांगायचो. अनुपमाला वाटायचं, बापलेक या गाडीच्या नादानं पुन्हा बोलायला लागले, बरं झालं. मग गेल्या शिमग्यानंतर आबांनी पार्टचं विचारायचं बंद केलं. कांद्याचं विचारायचे, नातवाचं विचारायचे, पार्टचं नाही. मला वाटलं, थकले, आशा सोडली. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. पार्ट येत नाही तोवर माझं खोटं सुरक्षित होतं. एकदा गाडी तयार झाली की आबा ती त्या पट्ट्यात नेणार. ती निघाली नाही तर त्यांचा जीव जाणार. आणि सहज निघाली तर त्यांना कळणार की तिला किती थोडं हवं होतं, आणि थोड्याचा विचार करायला लागलेला माणूस आणखी थोड्यापर्यंत, बॉनेटवरच्या दोन माणसांपर्यंत, येतोच.

पण पेटी आली होती. मी फोन करून आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता आलाय तर बसवून घिऊ."

पाच रविवार लागले. मी शिरूरहून निघायचो, वाटेत निमोण्याच्या फाट्यावर आबा चढायचे, पांढरी टोपी, हातात भाकरीचं फडकं, आणि आम्ही एसट्या बदलत दौंडला जायचो. पेटीतला गिअरबॉक्स जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला होता. चाचांनी तो दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवला आणि पहिल्यांदा नुसता बघत बसले. मागचा आस मारुती व्हॅनचा बसेल असं त्यांनी आधीच हेरलं होतं. पण पुढचे आणि मागचे दाते जुळले नाहीत तर पुढची चाकं एका चालीनं जातील, मागची दुसऱ्या, आणि गाडी स्वतःशीच भांडेल. म्हणून खडूनं खूण करून एकेक दाता मोजायचा. चाचा मोजायचे, मग मी, मग आबासुद्धा चष्मा लावून. तिघांचा आकडा जुळला की पुढं. पुण्याच्या भंगारातून आणलेल्या तिसऱ्या आसाचे दाते जुळले. शाफ्टला वाट करायला मागच्या सीटखालचा पत्रा कापावा लागला. चाचांनी कटर लावण्याआधी सीट उचलून बाहेर ठेवली, तर आबा उठले आणि ती सीट शेडमागच्या चाचांच्या घरी सावलीत, खुर्शिदचाचींच्या उंबऱ्याजवळ, नेऊन ठेवली. चाची आबांना जेवायला वाढायच्या. आबा भाकरीचं फडकं सोडून त्यांच्यापुढं ठेवायचे आणि त्यांची पोळी खायचे. पत्रा कापल्यावर दोन पत्र्यांच्या मधून वाळलेल्या काळ्या मातीच्या ढेपा खाली पडल्या. सहा वर्षांपूर्वीच्या. चाचांनी कुणाला काही न विचारता खराटा घेतला. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. रडू आलेलं आबांना दिसू नये म्हणून मी खूप वेळ धूत राहिलो.

गाडी झाली. दोन सीटच्या मधे जमिनीतून एक छोटा दांडा वर आला, ओढला की मागची चाकं लागतात, ढकलला की सुटतात. चाचांनी चाकांखाली चार लिंबं ठेवून गाडी पुढं घेतली. एरवी ते असलं काही करत नाहीत, आबांसाठी केलं. पट्टा कोरडा होता तेव्हाच मी गाडी वस्तीवर नेऊन चिंचेखाली लावली. मग सप्टेंबर उजाडला, आठवडाभर पाऊस झाला, आणि एका सकाळी वस्तीवरून फोन. "वल चांगली झालीय. ये, गाडी काढायचीय."

मी गेलो तेव्हा आबा अंगणात तयार उभे होते. "यक युरियाचं पोतं टाक मागच्या सीटवर," म्हणाले. मला वाटलं, वाटेत कुणाला द्यायचं असेल. टाकलं. ते माझ्याशेजारी बसले, आईच्या जागेवर. पट्ट्याच्या तोंडाशी मी दांडा ओढला. काळा चिखल, वर पाणी साचलेलं, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. गाडी आत शिरली, जरा डुलली, आणि चालत राहिली. मागून काहीतरी ढकलतंय असं वाटत होतं, दमदार, न बोलता. दोन मिनिटंही लागली नाहीत. पलीकडं कोरड्यावर येऊन मी इंजिन बंद केलं. मी आबांकडे बघू शकत नव्हतो. "बघितलंत?" मी म्हटलं. "मी म्हणत नव्हतो? चार चाकं हवी होती." आबा समोर बघत होते. "व्हय," म्हणाले. "आता परत फिरव. आन् दांडा काढ."

"कशाला?"

"काढ. नुसती पुढची चाकं ठिव. तवा व्हती तशी."

मी म्हटलं, आबा, रुतेल. "रुतू दे की. रुतवायचीच हाय." मी गाडी वळवली. निम्म्यात, बरोबर त्याच जागी, ती बसली. पुढची चाकं फिरायला लागली आणि तो आवाज आला, आणि मी पाय उचलला. आबांनी दार उघडलं. धोतर खोचलं, चिखलात उतरले, पिंडऱ्यांपर्यंत. खिडकीत वाकून म्हणाले, "शिमग्यात वढूला गेलो व्हतो, समाधीच्या दर्शनाला. तितं गाड्या लावायच्या वावरात टँकरचं पाणी सांडलं व्हतं. यकाची आशीच गाडी फसली. दोन पोरं येऊन बॉनेटवर बसली. मागं न्हाई, पुढं. आन् निघाली की रं गाडी." पावसाचे चार थेंब त्यांच्या टोपीवरून खाली आले. "तवापासनं म्या इचार करतोय. तू शिकल्याला हायस. वजन पुढं पायजे व्हतं का?"

शिमगा. म्हणजे पार्टचं विचारायचं बंद केलं तेव्हापासून. सहा महिने हा माणूस हे घेऊन जेवत होता, झोपत होता, दौंडला चष्मा लावून दाते मोजत होता. "तसं सांगता येत नाही, आबा," मी म्हटलं. "तो चिखल वेगळा. मातीवर असतं."

"मग माती हीच हाय. गाडी हीच हाय. पोतं पन्नास किलोचं हाय, ती तेवढीच व्हती." मग मला पोत्याचं कळलं. "म्या बसतो पुढं. तू घाल. आपून बघू."

ते बॉनेटच्या कडेला हात देऊन वर चढले. पत्रा टणकन वाजला. चिखलाचे पाय आवरून, तोंड माझ्याकडे करून, काचेला जवळजवळ गुडघे लावून बसले. आमच्या दोघांच्या मधे फक्त काच होती आणि वायपर. मी वायपर बंद केला. त्यांनी हातानं खूण केली, घाल.

मी पहिला गिअर टाकला. क्लच हळूच सोडला. चाकं अर्धा फेरा घसरली, आणि मग पकड आली. ती आधी स्टिअरिंगमध्ये कळते, दोन्ही तळव्यांत, कुणीतरी हात धरावा तशी. गाडीचं नाक दबलेलं होतं, चाकं मातीत घट्ट बसली होती, आणि गाडी वीतभर पुढं आली. हातभर आली. ती निघत होती. एक म्हातारा, साठ किलोचा, पुढं बसला होता, आणि गाडी निघत होती. जपान नको, शारजा नको, काही नको होतं. काचेपलीकडं आबांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत मी ते येताना बघितलं. अजून पुरतं आलं नव्हतं. अजून एक हात गाडी पुढं गेली असती की आलं असतं.

मी क्लच दाबला. गाडी मागं खड्ड्यात बसली. मग मी तळापर्यंत रेस दिली आणि एकदम क्लच सोडला, चाकं वेड्यासारखी फिरली, चिखल दोन्ही बाजूंनी उडाला, आबांच्या पाठीवर, टोपीवर. पुन्हा तसंच केलं. पुन्हा. गाडी खोल जात राहिली. मग मी इंजिन बंद केलं आणि बाजूची काच खाली केली. "नाही निघत, आबा," मी म्हटलं. "पुढं वजन देऊनसुद्धा नाही निघत. शक्यच नव्हतं."

आबा तसेच बसून राहिले. गालावर चिखल होता. तो त्यांनी पुसला नाही. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला क्लच दाबल्याचं कळलं नसेल, असं मी कुणाला सांगणार नाही. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी मी पडलो, लागलं नाही म्हणालो, की असं बघायचे. मग त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. त्यांनी काचेवर तळहात टेकवला, माझ्या तोंडासमोर.

"व्हय रं बाळा," ते म्हणाले. "न्हाई निघत."

ते खाली उतरले. पुढच्या दाराशी आले नाहीत. मागचं दार उघडून पोत्याशेजारी बसले, त्या दिवशी बसले होते तिथं. मी दांडा ओढला, चारही चाकं लागली, आणि गाडी खड्ड्यातून वर आली. घरी पोचेपर्यंत त्यांनी पोत्यावरचा हात काढला नाही.